रस्त्यावरचे रोप कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक लहानसा उद्योग झाला. इंदूरच्या जुन्या वस्तीतील ही गल्ली. दोन्ही अंगांना तीन-चार पिढ्यांची मराठी घरे आणि मधूनमधून माळवी, गुजराती, सिंधी शेजार. डांबरी रस्ता आणि गटार यांच्या मधला दोन हात रुंदीचा मातीचा पट्टा वर्षानुवर्षे पडीक होता. आषाढात आम्ही काही निवृत्त मंडळींनी तो खणला, विटांचे तुकडे वेचले, शेणखत घातले आणि चाळीस रोपे लावली. तगर, कण्हेर, जास्वंद, अनंत, मोगरा, दोन पारिजातक, सोनचाफ्याचे एक कलम आणि कोपऱ्यावर तुळस. पाणी कोणी कोणत्या दिवशी घालायचे याची पाळी ठरली. नातवंडांनी प्रत्येक आळ्याभोवती गोटे मांडले.

नागपंचमीपर्यंत चाळिसांपैकी अकरा आळी रिकामी झाली होती.

गुरांनी खाल्ले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. गाय शेंडा खाते, बुंधा ठेवते. आणि तिला पाप-पुण्याचा हिशेब नाही. येथे खुरप्याने गोल खणून, मुळाभोवतीची माती न सांडता, रोप अलगद उचललेले होते. हे भुकेल्याचे काम नव्हे, जाणकाराचे आहे. ज्याला रोप कसे जगते हे ठाऊक आहे, त्यानेच ते नेले. अकरा रोपांची किंमत फार नाही. रोपवाटिकेतून ती पुन्हा आणता येतील. तेव्हा हा शोक रोपांचा नाही. त्या अकरा खड्ड्यांत आपल्या सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजाच्या मनाचा जो तळ दिसला, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

त्याच संध्याकाळी ओट्यावर निवाडा झाला. ‘बाहेरची माणसे’ हा तो निवाडा. मग यादी निघाली: धुण्याभांड्याला येणाऱ्या बाया, भाजीची हातगाडी लावणारा, पलीकडच्या नव्या इमारतीवरचे मजूर. कोणी काही पाहिले होते का? नाही. पण ज्याच्या अंगावरचे कपडे मळलेले, त्याचे हातही मळलेले असणार, हे आपल्याकडे पुराव्यावाचून सिद्ध मानले जाते. ज्या मजुराला रात्री अंथरूण पसरायला धड जागा नाही, तो अनंताचे झाड नेऊन लावणार कोठे, हा साधा प्रश्नही त्या ओट्यावर कोणास सुचला नाही.

वस्तुस्थिती काय सांगते? २०२३ साली दिल्लीजवळच्या गुरुग्रामात जी-२० बैठकीसाठी रस्त्याकडेला मांडलेल्या फुलांच्या कुंड्या दोन इसमांनी महागड्या मोटारीत घालून दिवसाढवळ्या नेल्या. त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. योगायोग असा की, त्या मार्च महिन्यात तेथे भरलेली बैठक भ्रष्टाचारविरोधी कार्यगटाची होती. त्याच वर्षी नागपुरातही पाहुण्यांसाठी सजवलेल्या रस्त्यावरील कुंड्या उंची मोटारीतून गेल्याचे उघडकीस आले. हातगाडीवाले आणि मोलकरणी अशा मोटारींतून हिंडत नाहीत.

आमच्या गल्लीतही तेच झाले. श्रावणात एका पहाटे नर्मदेचे पाणी भरण्यासाठी आमच्यापैकी एक गृहस्थ उठले असता कोपऱ्यावर मोटार उभी दिसली. नीटनेटक्या वेषातील एक जोडपे होते. मागच्या डिकीत वर्तमानपत्र अंथरलेले, त्यावर तुळस आणि अनंत. हटकले तेव्हा बाईंनी अतिशय सौम्यपणे उत्तर दिले, “सड़क की चीज़ है, अंकल.” त्या स्वरात ओशाळलेपण नव्हते. चोर पळतो, ही मंडळी पळाली नाहीत, निरोप घेऊन गेली. आणि पुढे दिवाळीच्या सुमारास आमचा एक मोगरा आमच्याच गल्लीतील एका घराच्या गच्चीवर, रंगवलेल्या कुंडीत बहरलेला आढळला. ‘बाहेरची माणसे’ म्हणणाऱ्यांत त्या घरचाही आवाज होता. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपण राज्यकर्त्यांसाठी राखून ठेवली आहे. ती कधी आपल्या गच्चीवरही नेऊन पाहावी.

या उचलेगिरीचे समर्थन करणारे जे युक्तिवाद आम्ही वर्षभर ऐकले, ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद देवाचा. परडी आणि आकडी घेऊन पहाटे निघणारी मंडळी आपणांस परकी नाहीत. आपल्याच घरांतील ती वडीलधारी माणसे आहेत. देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असे ती सांगतात. या म्हणण्याला शास्त्राचा आधार मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. गौतम धर्मसूत्राने गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण, वेली-वृक्षांची फुले आणि कुंपण नसलेल्या झाडांची फळे आपलीच समजून घेण्याची मुभा दिली आहे. पण त्या मुभेची मर्यादाही वाचावी. त्या सूत्रात फूल आहे, फळ आहे. लावलेले रोप मुळासकट उपटून नेणे त्यात नाही. फूल तोडले तर झाड दुसरे देते. मूळ नेले तर देणाराच गेला. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात तर हा वाद आचार्यांच्या नावांनिशी नोंदलेला आहे. परक्याच्या वस्तूवर मन ठेवणारा तो चोरच, असा एक पक्ष. वार्ष्यायणी म्हणतात की काही अपवाद आहेत. शेंगा किंवा बैलापुरता चारा घेतला तर धनी अडवीत नाही, मात्र अति घेणे दोषास्पद. आणि शेवटी हारीतांचे मत येते: काहीही घ्यायचे असो, आधी अनुमती घ्यावी. दोन हजार वर्षांहून जुना हा विचार आहे. आम्हांस तो पहाटेच्या परडीपेक्षा अधिक धार्मिक वाटतो. मुलांच्या हाताने लावलेले झाड ओरबाडून देवापुढे फुलांची रास घालणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. दान आपले नाही, पुण्य मात्र आपल्या खात्यावर.

दुसरा युक्तिवाद ‘सार्वजनिक’ या शब्दाचा. जे सर्वांचे ते माझेही; मग माझे मी नेले तर बिघडले कोठे? या तर्कात ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ गुपचूप ‘कोणाचेच नाही’ असा केला जातो. सार्वजनिक विहिरीवर प्रत्येकाचा हक्क असतो. तो घागर भरण्याचा, विहीर उचलून नेण्याचा नव्हे. रस्त्याकडेच्या झाडात आपला वाटा आहेच. डोळ्यांना त्याचा रंग, नाकाला गंध आणि वैशाखात डोक्यावर सावली, असा तो वाटा आहे. झाड जागेवर असेपर्यंतच तो सर्वांना मिळतो. ज्याने ते घरी नेले, त्याने आपला वाटा घेतलेला नाही. इतर सर्वांचे वाटे घेतले आहेत.

तिसरा युक्तिवाद थट्टेचा. मनीप्लँट चोरून आणला तरच वाढतो, मागून आणलेला लागत नाही, ही समजूत आपल्या घराघरांतून हसत-हसत सांगितली जाते. वनस्पतीला खरेदीची पावती वाचता येत नाही. मनीप्लँट वाढतो, कारण त्याच्या पेराला पाण्यात ठेवले तरी मुळे फुटतात. ज्या घरी लहान मुलांसमोर चोरी हा शुभशकुन म्हणून सांगितला जातो, त्या घरी पुढे कोणत्या तोंडाने संस्कारवर्गाच्या गोष्टी कराव्यात?

चौथा युक्तिवाद मात्र वजनदार आहे. त्याला टाळून चालणार नाही. ‘रस्त्यावर ते मरणारच होते, आम्ही ते वाचवले,’ असे काहीजण म्हणतात. सरकारी वृक्षारोपणाचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. १४ जुलै २०२४ रोजी आपल्याच इंदुरात, रेवती रेंज परिसरात, एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपे लावण्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. त्या उत्साहाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण लावण्याचा विक्रम एका दिवसात होतो. जगवण्याला दहा उन्हाळे लागतात आणि त्या दहा उन्हाळ्यांची नोंद घ्यायला कोणी येत नाही. माळव्याची काळी माती चैत्र-वैशाखात हातभर भेगाळते. त्या भेगांत रोज बादलीभर पाणी ओतणारा माणूस हा खरा वृक्षमित्र. तेव्हा ‘वाचवले’ म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. आमच्या पट्ट्यातील जे तीन कण्हेर सुकत चालले होते, ते आपण का नेले नाहीत? जे गेले ते सारे टवटवीत होते, पाणी मिळालेले होते, कळ्या धरलेले होते. मरणारे कोणी नेत नाही. दुसऱ्याने जगवलेलेच नेले जाते.

येथे आपल्याच इतिहासातील एका आज्ञेचे स्मरण करून देतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. गलबतांना आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी पडते, हे मान्य करूनही ती झाडे तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहणार नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. राज्यावर संकट असता, आरमारासारख्या निकडीच्या कामासाठीही ज्या परंपरेने रयतेचे झाड घेताना संमती मागितली, त्या परंपरेचे आपण वारस म्हणवतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण पुढे असतो. मग गच्चीवरच्या कुंडीसाठी संमती मागायला आपली जीभ का जड व्हावी?

कायदाही याबाबत मुका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ चे स्पष्टीकरण पाहावे. जमिनीत रुजलेली वस्तू रुजलेली असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही. ती जमिनीपासून वेगळी केली की त्याच क्षणी होते. जुन्या भारतीय दंडविधानातही हेच होते. नवे आहे ते पुढचे: चोरीचा ऐवज ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा आहे. आम्हांस कोणाला तुरुंगात धाडायचे नाही. पण ही शिक्षा आम्हांस फार मानवते. ज्याने मोगरा नेला, त्याने एक उन्हाळाभर त्याच वाफ्याला पाणी घालावे. मे महिन्याच्या अखेरीस त्याला रोपाची खरी किंमत आपोआप कळेल.

आता आमच्या गल्लीतील दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हा पक्ष चोरांचा नाही, आमच्या मित्रांचा आहे. म्हणून त्याच्याशी वाद करणे अधिक अवघड. या मंडळींचा प्रस्ताव असा की, पट्ट्याला तारेची जाळी लावावी, फाटकाला कुलूप घालावे आणि ‘बाहेरच्या व्यक्तींना मनाई’ अशी पाटी ठोकावी. वर्गणीचा आकडाही ठरला आहे. आम्ही या प्रस्तावाविरुद्ध मत दिले आणि पुढेही देऊ.

एक तर, जे रोप जाळीआड गेले ते रस्त्याचे राहिले नाही. शाळेला जाणाऱ्या मुलीला वाटेवर पडलेली पारिजातकाची चार फुले वेचता येऊ नयेत, यासाठी आम्ही माती खणली नव्हती. म्हणजे चोराने अकरा रोपे नेली आणि जाळी उरलेली एकोणतीस नेणार. शिवाय, ज्या घराच्या गच्चीवर मोगरा सापडला, त्या घरालाही कुलपाची किल्ली मिळणार आहे. ते घर ‘बाहेरचे’ नव्हे.

आणि ‘बाहेरचे’ हा शब्द आपण तरी जपून वापरावा. आपले पूर्वज होळकरशाहीत कोणी शिलेदार म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी वैद्य, पुराणिक, शिक्षक म्हणून या माळव्यात आले. या मातीने त्यांना जागा दिली, पाणी दिले, आठ-दहा पिढ्या पोसल्या. तरीही कधी बाजारात, कधी कचेरीत कोणी आपल्याला ‘बाहेरचे’ म्हटले की तो शब्द कसा लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जो शब्द आपल्या आजोबांना ऐकावा लागला, तो मजुराच्या नावाने पाटीवर रंगवताना आपला हात थांबावा. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या काशीपासून रामेश्वरापर्यंत. त्यांवर माहेरचा-परका अशी पाटी लावली नव्हती.

या शहराला याहून चांगला मार्ग ठाऊक होता. १९१७ च्या दिवाळीत, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरात एक विलक्षण मिरवणूक काढली. शहर तेव्हा प्लेगने हैराण होते. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नव्हता. जेथील लोकांनी आपली घरे आणि रस्ते अधिक स्वच्छ केले असतील, तेथून ती जाईल, असे जाहीर झाले होते. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा तीत होती, सफाईचे काम करणारे लोक शुभ्र वस्त्रे लेवून मानाने चालत होते आणि तीत तुळशीची रोपे हजारोंनी घरोघर वाटण्यात आली. पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, गेडिस यांचा इंदूरविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोकांनी झाडावर प्रेम करावे असे वाटत असेल, तर आधी त्यांच्या हातात रोप द्यावे, ही ती दृष्टी. आणि पुढे याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत द्यावे, हा तिचा गाभा. देणे आणि परत देणे, हे दोन्ही धडे ज्या गावाने जगाला दिले, त्या गावात आपण कुलूप शोधत बसलो आहोत.

सवयी बदलत नाहीत, असे कोणी म्हणू नये. हेच इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा देशात पहिले आले. २०२३ च्या क्रमवारीत सुरतेसह. रस्त्यावर काही टाकायचे नाही, हे या शहरातील पानवाल्यापासून पेन्शनरापर्यंत सारे शिकले. रस्त्यावरून काही उचलायचेही नाही, हा त्याच धड्याचा उत्तरार्ध आहे. तो शिकायला फार मोठी बुद्धी लागत नाही, लाज लागते.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. जाळीची वर्गणी रोपांवर आणि खतावर खर्च करावी. तगर, जास्वंद, कण्हेर, मोगरा ही सारी फांदीच्या छाटापासून येतात. पावसाळ्यात ठरलेल्या एका रविवारी छाटणी करून ते छाट मागेल त्याला द्यावेत, मग तो गल्लीतला असो वा परगावचा. पाटी लावायचीच असेल तर ‘हवे असल्यास मागा’ अशी लावावी. ती मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत असावी. ज्यांच्या घरी परडी आहे, त्यांनी खाली गळलेली फुले वेचावीत किंवा झाडाला निम्मी ठेवून निम्मी घ्यावीत. आणि ज्यांच्या गच्चीवर आमचा मोगरा आहे, त्यांनी तो एखाद्या पहाटे परत आणून लावावा. आम्ही त्या वेळी खिडकीत उभे राहणार नाही, एवढे आश्वासन देतो.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. सोनचाफ्याचे ते कलम आमच्या गल्लीतील एका काकूंनी दिले होते. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या अंगणातील जुना चाफा घर नव्याने बांधताना तोडावा लागला. त्याआधी त्यांनी त्याचे हे एकच कलम करून घेतले होते. ते घरात ठेवावे असे मुलाने सुचवले, तर त्या म्हणाल्या, ‘अंगणातला होता तेव्हा त्याचा वास रस्त्याला जायचाच; आता तो रस्त्यावरच असू दे.’ रोज सकाळी काठी टेकीत त्या लोटीभर पाणी घालायला येत. गेलेल्या अकरांत ते कलम होते. काकू कोणाला काही बोलल्या नाहीत. फक्त पाणी घालायला येईनाशा झाल्या. पुन्हा एक कलम आणून देऊ म्हटले, तर म्हणाल्या, ‘आणा, पण आता कुंडीत लावीन. आत.’

त्या ‘आत’ या शब्दाने आम्ही अस्वस्थ झालो आहोत. माणसे एकेक करून आपले रोप आत नेऊ लागली, की रस्ता नुसता जाण्यायेण्यापुरता उरतो आणि शेजार नुसता भिंतीपुरता. हे नुकसान कोणत्याही कलमाखाली नोंदता येत नाही.

या आषाढात ती अकरा आळी आम्ही पुन्हा भरणार आहोत. एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता, कोपऱ्यावर. ज्यांच्याकडे खुरपे आहे त्यांनी ते घेऊन यावे. गेल्या वर्षी ज्यांनी ते रात्री वापरले, त्यांनीही यावे. रोप कसे जगवतात, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे.